दोन झुरके

क्लिफर्ड गारबटच्या गळ्यात जे कार्ड लटकायचं, त्यावर लिहिलं होतं : नागरी तपासनीस. म्हणजे पोलीस नाही. अटक करायचा अधिकार नाही, कुणाचं दार उघडायला लावायचा हक्क नाही. तीस वर्षं खात्यात घासून माणूस निवृत्त झाला आणि सहा महिन्यांत त्याच इमारतीत मागच्या दाराने परत आला. काम काय, तर न सुटलेल्या खुनांची जुनी खोकी उघडायची, पिवळे पडलेले जबाब वाचायचे आणि म्हाताऱ्या झालेल्या साक्षीदारांना पुन्हा तेच विचारायचं. बायको म्हणाली होती, घरी बसून टोमॅटो लाव. त्याने लावलेही. पण एक खोकं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो त्या एका खोक्यासाठीच परत आला होता.

फिलिपा टाउझ त्याची साहेब. ती नवी असताना जबाब कसा लिहायचा हे क्लिफर्डनेच तिला शिकवलेलं, त्यामुळे तो तिला 'बाईसाहेब' म्हणायचा ते निम्मं चेष्टेतच. त्या सोमवारी तिने त्याला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि स्वतःच्या हाताने चहा करून दिला. तिथेच त्याला कळलं की काहीतरी बिनसलंय. या बाईने आजवर कुणाला चहा करून दिला नव्हता.

"तुझ्या त्या खोक्यातलं, मॉरीन रेच्या केसमधलं सिगरेटचं थोटूक. प्रयोगशाळेतून उत्तर आलंय," ती म्हणाली.

"नाव लागलं?"

"लागलं. क्लिफ, तू सिगरेट ओढतोस?"

"काय विचारतेस? वासानेसुद्धा मळमळतं मला. सगळ्या ठाण्याला माहीत आहे."

"मग हे वाच."

त्याने चष्मा लावला आणि वाचलं. या विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला गालातली लाळ नमुना म्हणून द्यावी लागे, कुणाचा हात चुकून पुराव्याला लागला तर ओळखता यावं म्हणून. क्लिफर्डनेही दिली होती, वर जीभ काढून दाखवून थट्टाही केली होती. तेहतीस वर्षं ज्या माणसाला तो शोधत होता, त्याच्या जागी कागदावर नाव होतं : क्लिफर्ड गारबट.

चहा तसाच राहिला. त्याला आधी ती थंडी आठवली, मग बाकीचं.

मॉरीन बावीस वर्षांची होती. बंदरावरच्या शेडमध्ये मासे साफ करायची. फेब्रुवारीत एका दुपारी लोकांच्या भाजीच्या वाफ्यांमागे, पत्र्याच्या खोपटापाशी ती सापडली, गळा दाबलेली. क्लिफर्ड तेव्हा पंचविशीतला साधा शिपाई. मोठे साहेब येऊन गेले आणि प्रेताजवळ राखणीला त्याला उभं केलं. दोनपासून अकरापर्यंत, नऊ तास, समुद्रावरून बोचरा वारा. त्याने तोवर मेलेलं माणूस पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ऑग्रम नावाचा हवालदार चक्कर मारायला आला, पोराचे दात वाजताना पाहिले आणि स्वतःची पेटवलेली सिगरेट त्याच्या तोंडात खुपसली. "ओढ, बरं वाटेल." दोन झुरके घेतले, ठसका लागला आणि सिगरेट तोंडातून निसटली. ती कुठे पडली, कुणी बघितलं?

दुसऱ्या दिवशी शोधपथकाने ते थोटूक चिमट्याने उचललं. प्रेतापासून चार पावलांवर होतं ते. त्यावरच्या लाळेवरून रक्तगट निघाला, बी. सिगरेट ओढणाऱ्या सगळ्या शिपायांचे गट तपासले, ऑग्रमचाही; एकही बी निघाला नाही, म्हणून थोटूक खुन्याचंच ठरलं. क्लिफर्ड ओढतच नव्हता, त्याला कोण विचारणार? खुनाच्या जागेवर सिगरेट दिली म्हटलं असतं तर ऑग्रमची हवालदारकी गेली असती, म्हणून ऑग्रम गप्प बसला. पुढे मेलाही. आणि क्लिफर्ड? तो विसरला. निदान इतकी वर्षं तो स्वतःला असंच समजत आला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. संशय होता तो कीथ लॅमसवर. रे कुटुंबापासून दोन घरं सोडून राहणारा, मॉरीनने ज्याला नकार दिला होता तो. त्याचा गट निघाला ओ. साहेबांनी सोडला त्याला. ही बातमी मॉरीनच्या आईला सांगायला कुणाला पाठवलं, तर क्लिफर्डला. एनिड रे तेव्हा कीथचं नाव घेऊन रस्त्यात बोटं मोडायची. क्लिफर्ड तिला म्हणाला होता, "मावशी, माणूस खोटं बोलतो, थोटूक बोलत नाही. कीथ नव्हे तो." या वाक्याचा त्याला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता.

"मॉरीनचा कोट, बूट, काही उरलंय का तपासायला?" त्याने फिलिपाला विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"तळघरात पाणी शिरलं तेव्हा सगळं कुजलं. थोटूक प्रयोगशाळेत होतं म्हणून वाचलं. आईला खात्याचं पत्र जाईल. 'पुरावा पोलीस कर्मचाऱ्याकडून दूषित झाल्याचे आढळले.' नाव घालायची गरज नाही, क्लिफ."

"पत्र नको. मी जातो."

"तू जाऊ नकोस असं सांगायलाच मी चहा केला होता."

"कळलं मला ते, बाईसाहेब. चहा वाईटच झालाय."

बुधवारी तो गेला. एनिडमावशी आता शहाऐंशीची. दरवर्षी फेब्रुवारीत तो तिच्याकडे जायचा आणि ती आल्याचा केक कापायची. आता ऑक्टोबर होता, त्यामुळे दार उघडताच ती म्हणाली, "सापडला का रे?"

त्याने सगळं सांगितलं. बसून सांगावं म्हणत होता, पण उभ्यानेच सांगून टाकलं. थंडी, ऑग्रम, दोन झुरके. स्वतःचं नाव दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला ते उमगलंच नाही.

"म्हणजे ज्याला मी रोज शिव्या देत होते तो तू," ती म्हणाली.

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"तेच मी तीन दिवस स्वतःला विचारतोय, मावशी. विसरलो असं वाटतं. पण विसरणं माझ्या सोयीचंच होतं."

तिने टेबलावरच्या मेणकापडाची एक सुरकुती सपाट केली. मग म्हणाली, "आणि कीथ?"

याच प्रश्नाला तो भीत होता. "कीथने केलं असं मी म्हणत नाही. पण त्याने केलं नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते सांगायचा मला काही अधिकार नव्हता."

"तू सांगितलंस म्हणून मी त्याच्या दारात जाऊन माफी मागितली," एनिड म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वीस वर्षं त्याने माझा कोळसा आणला. नाताळला मी त्याला केक दिला. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचे सदरे मी धुतले, क्लिफर्ड. मेला तेव्हा रडले. दर शनिवारी फुलांच्या दोन जुड्या घेऊन जाते, एक तिला, एक त्याला. आता दुसरीचं काय करू, ते सांग."

वाईट वाटतंय असं तो म्हणाला. ती म्हणाली, वाटू दे.

"शनिवारी दहाला गाडी घेऊन ये. बस आता झेपत नाही मला."

शनिवारी तो साडेनऊलाच येऊन गाडीत बसून राहिला. एनिड बाहेर आली, हातात शेवंतीची एकच जुडी. गाडी दफनभूमीत पोचली. मॉरीनच्या दगडापाशी तिने फुलं लावली, पानं झटकली, नेहमीसारखी चार वाक्यं बोलली. मग ती त्याचा दंड धरून कीथच्या थडग्याकडे निघाली. त्याला वाटलं आता ही थुंकते की काय, आणि थुंकली असती तरी त्याने अडवलं नसतं.

तिथल्या फुलदाणीत मागच्या शनिवारची फुलं सुकली होती. एनिडने ती काढून क्लिफर्डच्या हातात दिली. मग फुलदाणी नळावर नेली, आत बोटं घालून बुळबुळ खरवडून काढली, आणि रिकामीच परत जागेवर नीट बसवली.

"तू मला एकदा छातीठोकपणे सांगितलंस, कीथ नव्हे," ती म्हणाली. "आता एकतर तो होता म्हणून सांग, नाहीतर नव्हता म्हणून. त्याप्रमाणे मी या फुलदाणीचं बघेन. तोवर ही अशीच राहील."

"मावशी, आता काहीच उरलेलं नाही. ते मला कधीच सांगता यायचं नाही."

"ठाऊक आहे मला," एनिड म्हणाली. "तरी तू दर शनिवारी दहाला यायचंस, आणि ही धुवायची. माझी बोटं आता वळत नाहीत."

तो हो म्हणाला. सुकलेली फुलं कुठे टाकावीत ते त्याला सुचेना, म्हणून ती तशीच हातात धरून तो तिच्या चालीने गाडीकडे चालू लागला.