बिळावरच्या काकू

माणसांपेक्षा बिळांत जास्त ओळखी असलेला मराठी माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच आहे. तो माझ्या बायकोचा मामेभाऊ, आणि मी त्याच्यावर मनापासून जळतो. साउथ डाकोटातल्या माळावर तो प्रेअरी डॉगवर संशोधन करतो. नावात डॉग असला तरी प्राणी म्हणजे बिळात राहणारी गुबगुबीत खारच. आमच्याकडे रेडमंडला आला तरी याची नजर जमिनीवर. दिवाळीच्या पार्टीत सगळे ग्रीन कार्डावर बोलत असताना हा मागच्या लॉनवर पालथा पडून एका भोकात डोकावत होता. "अरे, याचं फराळाचं ताट तिथंच भोकापाशी ठेवा," मी म्हटलं. सगळे हसले. माझी आठ वर्षांची मुलगी मात्र त्याच्या शेजारी जाऊन पालथी पडली.

खरं दुखणं हेच. ही पोरगी माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलते. रविवारची मराठी शाळा, गोष्टी, आइस्क्रीमची लाच, सगळं करून झालं. आणि मामा दिसला रे दिसला, की हिला मराठी फुटतं!

उन्हाळ्यात हट्टानं तिनं आम्हाला त्याच्याकडे नेलं. तिथं गवताचा सपाट माळ चालता चालता एकदम तुटतो आणि पुढे पावसानं कुरतडलेले, पट्ट्यापट्ट्यांचे मातीचे सुळके. अलीकडे बिळंच बिळं, आणि प्रत्येक बिळावर एकेक गुबगुबीत खार हात पोटाशी धरून उभी. हा विचारपूस करत चाललेला. "काय काकू, बरं आहे ना? मावशी, सूनबाई नाही आल्या बाहेर?" मागोमाग पोरगी, "मामा, ह्या काकू का रागावल्या?"

मला राहवेना. "त्यात काय, मीही बोलतो," म्हणत ऐटीत पुढे झालो आणि गुडघ्यापर्यंत बिळात गेलो. माळभर एकच चिरचिराट.

"भाऊजी, तुमच्याबद्दलच चाललंय," तो शांतपणे म्हणाला. "मोठा आहे, पण काही करणार नाही, असं म्हणतायत."

"बाबा, हलू नको! आत पिल्लं असतील!" पोरगी किंचाळली. मराठीत. माझ्यावर! पाय चांगलाच मुरगळला होता, तरी मी आनंदानं तसाच उभा राहिलो.

संध्याकाळी पाय शेकताना मी त्याला विचारलं, "यांच्याशी मराठीत कशाला बोलतोस रे?"

"इथं दुसरं आहे कोण, भाऊजी?" तो हसला, पण नजर पुन्हा जमिनीवर.

माझं जळणं काही थांबलेलं नाही. हल्ली रेडमंडच्या पावसात मागच्या दारी उभा राहून मी खारीला विचारतो, "काय मावशी, जेवलात का?" खार पळते. परवा मागून आवाज आला, "बाबा, हळू बोल ना. घाबरल्या त्या." मी हरखून वळलो, तर ती पुढे म्हणाली, "थंडीत मामाच्या काकू बाहेर येत नसतील ना? मग तो कोणाशी बोलत असेल?"

मी मामाला फोन लावला आणि, जिवावर आलं तरी, तिच्याच हातात दिला.