आबांच्या आंब्यांचे डबे

फुकट फळं वाटण्याइतकं डोकं उठवणारं काम दुसरं नाही, हे मी अनुभवानं सांगते. शिरूरला माझ्या बहिणीनं हे खूळ सुरू केलं आणि तिच्या नादानं मी दौंडात. खूळ तसं साधं आहे. ज्यांच्या परसात झाड आहे पण फळं उतरवायला घरात कुणी नाही, त्यांच्याकडं रविवारी सकाळी जायचं, फळं उतरवायची, मालकाला हवी तेवढी ठेवायची आणि बाकीची आसपास वाटून टाकायची. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात मालक दारातच विचारतो, "म्हंजी तुम्ही नेऊन विकणार?" वर्षानुवर्षं सीताफळं झाडावर काळी पडून गळतात, त्याचं काही नाही, पण दुसऱ्यानं हात लावायचं म्हटलं की ती एकदम सोन्याची होतात. आणि ज्याच्या दारात फळं घेऊन जावं तो विचारतो, "इलेक्शन हाय का?" एका बाईंनी तर चिकूची पिशवी घेतली आणि वर कुणाचा फोटो छापलाय का म्हणून उलटीपालटी करून बघितली.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाट्याला आबांचं झाड आलं. आबा रेल्वेतून रिटायर झालेले, बैठं घर, मागं गावरान आंबा. त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. मी आणि आमचा शेजारी गेलो. शेजारी कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जातो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी झाडावर चढतो. तो वर चढेपर्यंत आबा माझ्यापाशी बोलत राहिले. "ती होती तवा दारात चपलांचा ढीग असायचा. आता दूधवाला सोडला तर कुणी येत न्हाई. दिवसदिवस तोंड उघडत न्हाई बघ. पोरगा म्हणतोय, पुण्याला चला. माणसं आली-गेली तर राहीन हितं, न्हाईतर काय, जाईन." मी "व्हय आबा, व्हय आबा" करत होते, पण माझं सगळं लक्ष वर. झाडाला पाड लागला होता, पिकलेले आंबे खाली पडून फुटत होते, आणि शेजारी फळं तोडायचा झेला घेऊन भलत्याच फांदीकडं निघाला होता.

आंबे उतरवून झाले. आम्ही कागदी पिशव्या काढल्या तर आबा म्हणाले, "पिशवीत न्हाई द्यायचं." आत गेले आणि काकूंचं नाव घातलेले स्टीलचे डबे घेऊन आले. एकावर एक, हनुवटीनं दाबून धरलेले. "डब्यात द्या. ती डब्यातच द्यायची."

"अहो आबा, मग डबे परत कुणी आणायचे?"

"ज्याचं त्यो आणून देईल की."

मी कपाळावर हात मारला. कोण कशाला आणून देईल? आदल्या वर्षी एका मालकिणीची बादली वाटपात कुठंतरी राहिली आणि त्या बाईंनी भर बाजारात आमची अब्रू काढली होती. तेव्हापासून आमचा नियमच आहे, मालकाचं भांडं आम्हीच घरपोच करायचं, मालकाला तोशीस नको. तसं मी आबांना सांगितलंही. डबे भरून आम्ही गल्लीत, पलीकडच्या चाळीत, काकूंच्या ओळखीच्या घरांत देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली, डबे गोळा करायला. पहिल्याच घरच्या मावशी डबा देईनात.

"रिकामा देऊ व्हय? म्हंजी काय, लाज हाय का न्हाई आम्हाला?"

"मावशी, आंबे फुकट होते. बदल्यात काही नकोय."

"फुकटचं असू दे न्हाईतर इकतचं. रिकामं भांडं परत करत न्हाईत. गुरुवारी पुरणपोळ्या करते, तवा बघू."

गुरुवारपर्यंत थांबायला मला वेळ होता का? पुढच्या रविवारी जांभळाचं झाड ठरलेलं होतं. मी डबा मागून मागून घेतला. निघताना त्यांनी रागारागानं चिमूटभर साखर आत टाकली. पुढच्या घरी गुळाचा खडा, त्याच्या पुढं मूठभर तांदूळ. एका घरी डबाच नव्हता. डब्यात भाजी घालून सूनबाई तो वरवंडला माहेरी घेऊन गेलेल्या. मी भर उन्हात वरवंडला गेले. हायवेवर ट्रकची धूळ खात एका स्टीलच्या डब्यासाठी! तिथं त्या बाईंची आई मला जेवल्याशिवाय सोडेना. डबा द्या म्हटलं की पोळी वाढायची. संध्याकाळी सगळे डबे गोणीत घालून मी आबांच्या ओट्यावर नेऊन ठेवले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आबांनी गोणीकडं बघितलं. एक डबा काढला, कुणाकडचा ते मला विचारलं, झाकण उघडलं, साखर बघितली.

"हिचा गुडघा दुखायचा. बरी हाय का आता?"

"काय माहीत आबा, मी दारातूनच घेतला."

दुसराही तसाच विचारून उघडला. "ह्या पोरीला दिवस गेले हुते म्हणं?"

"विचारलं नाही आबा."

वरवंडचा डबा त्यांनी उघडलाच नाही. सगळे परत गोणीत टाकले. "मग कशाला आणलेस? डब्यांशी बोलू व्हय मी?" आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोराला फोन करतो."

मला राग आला. त्यांचा आला आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त आला. मी म्हणाले, "आबा, आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. ज्याचं त्यो आणून देईल म्हणलो. ऐकलंस व्हय तू?"

नव्हतंच ऐकलं. पण राग काही जात नव्हता, म्हणून मी तो गोणीवर काढला. उचलली, स्कूटीवर टाकली आणि निघाले पुन्हा घरोघर.

दिलेला डबा घ्यायचा, आणि घेतलेला डबा पुन्हा द्यायचा, हे लोकांना समजावणं म्हणजे काय असतं ते माझं मला माहीत. एका घरी बाई डब्यात आपलाच गूळ बघून लालबुंद झाल्या. "आमचा गूळ चालला न्हाई व्हय त्यांला?" मी हात जोडले. म्हटलं, चालला, सगळ्यांचं सगळं चालतं, फक्त तुम्ही स्वतः नेऊन द्या, आणि पाच मिनिटं टेका तिथं. पहिल्या मावशींकडं गेले तर त्या ओट्यावरच बसल्या होत्या. गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"मग मी काय येगळं म्हणत हुते? गुरुवारी पोळ्या घेऊन मीच जाणार हुते. काकू गेल्यापासून जाऊ जाऊ म्हणतीया, पण रिकाम्या हातानं जाववत न्हाई आन् निमित्त घावत न्हाई. ह्यो डबा घावला, तर तूच वढून नेलास."

गुरुवारी संध्याकाळी मी मुद्दाम आबांच्या गल्लीतून गेले. दारात चपला होत्या. मावशी होत्या, वरवंडवाली होती, तिची आईसुद्धा आली होती, आणि आमचा शेजारी शिफ्ट सोडून, होय, शिफ्ट सोडून पोळ्या हाणत बसला होता. आबा मोठ्या आवाजात कुणाशी तरी भांडत होते, कैरीला गूळ जास्त घालायचा का तिखट. मला बघून म्हणाले, "ये. डबा कुठाय?"

"मला कुठं दिला होता आबा?"

ते उठले, आतून एक डबा आणला, त्यात दोन पोळ्या घातल्या. "ह्यो तुझा. आन् गोणीत आणू नगंस."

तेव्हापासून मला सुटका नाही. डबा रिकामा देता येत नाही म्हणून मी थालीपीठं घालून नेते, आणि रिकामा पाठवता येत नाही म्हणून आबा त्यात शेंगदाणे घालून तोच माझ्या हातात परत देतात. नेऊन देताना अर्धा तास बसावं लागतं. मुलाचा फोन येतो, पुण्याला कधी येताय म्हणून. परवा माझ्यासमोरच आला. आबा म्हणाले, "अरं, डबा बाहेर हाय आपला. त्यो आल्याबिगर कसा निघू?" आणि माझ्या हातातल्या, शेंगदाणे भरलेल्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.