आधी पाणी घे

"आधी पाणी घे. मग बोल."

आमच्या संस्थेच्या ऑफिसात कोणीही बाई आली, की ताई एवढंच म्हणायच्या आणि पाण्याचा पेला तिच्या हातात कोंबायच्या. मग ती रडत आलेली असो, भांडायला आलेली असो, की नुसती पत्ता चुकून जिना चढलेली असो. पेला दिला की ताई तिच्यासमोर उभ्या राहून बघत राहायच्या. उभ्याच. खुर्चीत बसलेल्या ताई मी फारशा पाहिल्याच नाहीत. मीटिंग चालू असली तरी त्या आमच्या खुर्च्यांमागून फेऱ्या मारायच्या, येता-जाता कोणाच्या तरी डब्यातली भाजी बोटाने चाखायच्या आणि आमचं बोलणं मध्येच तोडायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. मी अहवाल टाइप करायचे, म्हणून मला तर त्या नेहमी "ए कॉम्प्युटर" अशीच हाक मारायच्या.

तुम्हाला वाटेल, पाण्याचं केवढं अगत्य! मलाही तसंच वाटायचं. मग हळूहळू कळलं, की ती तपासणी होती. जी घटाघटा प्यायची, तिला ताई पुढचं विचारायच्या. जी पेला ओठांना लावून तसाच खाली ठेवायची, तिच्या अगदी जवळ जाऊन म्हणायच्या, "दिवसभर कुठे असतेस? तिथे जायला जागा नाही ना?" बाई चपापायची. मग जे बोलायला लागायची ते थांबायचीच नाही. आमच्या छापील प्रश्नावलीत 'तुमच्या अडचणी कोणत्या?' असा प्रश्न होता, आणि त्याला सगळ्या बायकांचं उत्तर एकच असायचं, "काही नाही, बरं चाललंय."

ताई मूळच्या बुलढाण्याकडच्या. लग्न होऊन चारकोपला आल्या, बालवाडी चालवली, आणि पुढे आमच्या संस्थेत आल्या त्या तिथेच राहिल्या. बोलण्यातला वऱ्हाडी सूर मुंबईने कधीच पुसून टाकला होता. उरला होता तो फक्त "जय भीम" म्हणतानाचा खणखणीत आवाज. तो जिन्याखालून ऐकू आला, की आम्ही सगळे उगाचच सावरून बसायचो.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटजवळ एक बाजार भरतो. तिथे भाजी, मासे, मॅक्सी, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं मिळतं. विकायला बसणाऱ्या बहुतेक बायकाच. सकाळी येतात त्या दिवेलागणीला उठतात. तिथे गोराईहून मासे घेऊन येणारी मार्था बसायची. धिप्पाड, गळ्यात क्रॉस, आवाज असा की गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरून जाईल. ताईंनी तिला पाण्याची बाटली दिली, तर तिने ते पाणी सरळ माशांवर शिंपडलं.

"मला नको गो. माशांना पाहिजे," ती म्हणाली.

त्या दिवशी ताई ऑफिसात आल्या त्या चप्पल न काढता थेट सेक्रेटरींच्या टेबलापाशी. "सर, त्या बाजारात बायकांसाठी संडास पाहिजे."

"स्वच्छतागृह," सर म्हणाले.

"तुम्ही काहीही म्हणा. पाहिजे."

आमचे सेक्रेटरी वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून ठेवते. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाची घडी न मोडणारे गृहस्थ. ताईंच्या मागे लागण्याने ते इतके जेरीस आले की त्यांनी एक कंपनी गाठली, तिच्याकडून पैसे मंजूर करून घेतले, महापालिकेची परवानगी आणली आणि बांधकामावर स्वतः उभे राहिले. फिक्या निळ्या टाइल्स त्यांनीच निवडल्या. बाजाराच्या कडेला इतकी देखणी इमारत उभी राहिली, की एका भाजीवालीला ती नवी पतपेढी वाटली.

फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले. आणि सरांनी दाराला कुलूप लावून चावी खिशात टाकली.

"पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं बघायला यायची आहेत. तोवर जरा चांगलं राहू दे," ते म्हणाले. ती माणसं आली, बाहेरून बघून खूश होऊन गेली. मग कोणीतरी मोठे साहेब येणार होते. मग त्यांचं लांबलं. कुलूप काही निघेना. सार्वजनिक संडासांचं काय होतं ते सरांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं, आणि आपल्या हातून उभं राहिलेलं एक तरी स्वच्छ राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांना स्वच्छता हवी होती आणि ती वापराशिवाय मिळत होती.

ताई मात्र पिंजऱ्यातल्यासारख्या झाल्या. त्यांच्या फेऱ्या वाढल्या. मी अहवालात 'लाभार्थी महिला' असं टाइप करत असले, की मागून आवाज यायचा, "कसला लाभ? कुलपाचा?" मला बोट पुढे हलवता यायचं नाही.

शेवटी त्या कंपनीच्या एक मॅडम आल्या. कडक सुती साडी, हातात फाइल, घाईत. बाजारात मांडव घातलेला, सर पुष्पगुच्छ घेऊन उभे. ऊन मी म्हणत होतं. ताईंनी सवयीप्रमाणे पेला पुढे केला.

"नको, थँक्यू," मॅडम म्हणाल्या. "अजून दोन ठिकाणी जायचंय."

ताई थबकल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. चेहऱ्यावरचा राग क्षणात गेला आणि त्या मॅडमच्या अगदी जवळ गेल्या, जशा कोणाही बाईच्या जवळ जायच्या तशाच.

"तिथे जायला जागा नसेल, म्हणून नाही ना पीत?"

मॅडम आधी गोंधळल्या, मग लाजून हसल्या. "फील्डवर असले की मी सकाळपासून पाणी घेतच नाही."

"आम्हीपण," ताई म्हणाल्या. "पण इथे जागा आहे की. तुम्हीच बांधलीय. प्या, आणि चला."

मॅडम प्यायल्या. अख्खा पेला. मग दोघी त्या निळ्या टाइल्सपाशी गेल्या, आणि समोर कुलूप. सरांनी खिसे चाचपले. चावी घरी, बोरिवलीला. आत जायची वेळ येईल असं त्यांच्या मनातही आलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

"माणूस गेलाय चावी आणायला," ताई शांतपणे मॅडमना म्हणाल्या. "थांबू या. आम्हाला सवय आहे."

मॅडम मार्थाच्या शेजारी पालथ्या टोपलीवर टेकून थांबल्या. पुढचे दोन्ही कार्यक्रम त्यांनी फोनवरून रद्द केले. रिक्षा एकदाची आली, कुलूप निघालं, आणि दारात पहिली रांग लागली.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं! आठवड्यात आत जायची सोय राहिली नाही. नळ तुटला, कोणीतरी कोनाड्यात पान थुंकलं. सर ताईंकडे बघून नुसतं म्हणाले, "सांगितलं होतं ना मी."

ताई चिडल्या, पण त्यांच्यावर नाही. "सर, बांधून मोकळा होतो तो कॉन्ट्रॅक्टर. आपण संस्था आहोत ना? मग रोज उघडायचं, रोज धुवायचं, आणि तुटलं की पुन्हा बसवायचं. हेच काम. दुसरं काम नाही आपल्याला."

मग त्यांनी ते करूनच घेतलं. धुवायला सुनीता नावाची बाई पूर्ण पगारावर ठेवली. देखरेखीच्या समितीत संस्थेच्या माणसांऐवजी बाजारातल्या बायका घेतल्या, आणि मार्थाला प्रमुख केलं. मार्था आपल्या टोपलीपासूनच ओरडायची, "ए, पाणी टाक नीट! तुझ्या घरचा आहे काय?" नळ पुन्हा कधी तुटला नाही असं नाही. पण तुटला की दुपारपर्यंत नवा बसायचा. हळूहळू बायकांच्या टोपल्यांशेजारी पाण्याच्या बाटल्या दिसू लागल्या. त्या संध्याकाळी रिकाम्या असायच्या. मला विचाराल तर समाज बदलला म्हणजे काय झालं, ते मी त्या रिकाम्या बाटल्यांत पाहिलं. अहवालात ते कुठल्या रकान्यात घालायचं, हे मात्र कळलं नाही.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. ताईंच्या पिशवीतली बाटली संध्याकाळी भरलेलीच असायची. त्या दिवसभर वस्त्यांमधून फिरायच्या आणि सगळीकडे काही निळ्या टाइल्स नव्हत्या.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेले, तेव्हा मूत्रपिंडं पार थकली होती. डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, वय अशी बरीच कारणं सांगितली. ती खरीच असतील. ताईंना निजून राहायला सांगितलं होतं आणि तेच त्यांना जमत नव्हतं. पांघरुणाखाली पाय हलत होते. उशाशी एक छोटी वाटी होती. दिवसभरात तेवढंच पाणी प्यायची परवानगी होती.

"बघ गं," त्या खोलीतल्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "संडास हाताच्या अंतरावर, आणि पाणी बंद. झकास ना?"

 त्यांनी माझा हात दाबला आणि पहिल्यांदाच मला माझ्या नावाने हाक मारली. मग विचारलं, "बाजारातलं उघडलं ना आज?"

त्या गेल्या तेव्हा ग्रुपवर सरांचा मेसेज आला. ताईंच्या निधनामुळे आज संस्थेची सर्व कामे व केंद्रे बंद राहतील. दुपारी शोकसभा होती. फोटोला हार, खाली मेणबत्त्या, त्रिशरण झालं. सर बोलायला उभे राहिले आणि तसेच खाली बसले. मग सगळे मौन पाळायला उभे राहिले. मीही डोळे मिटले, आणि मला 'सर्व केंद्रे' आठवलं. आमच्या कागदोपत्री बाजारातलं स्वच्छतागृह हेही एक केंद्र होतं. मी डोळे उघडून मागे पाहिलं. मार्था नव्हती, बाजारातली एकही बाई नव्हती.

मौन संपायची वाट बघणं मला जमलं नाही. सगळ्यांच्या मधून वाट काढत मी जिना उतरले आणि रिक्षा पकडली.

निळ्या दाराला कुलूप होतं. समोर बायका घोळक्याने उभ्या. सुनीताच्या मुठीत चावी, डोळे रडून सुजलेले. "साहेबांचा मेसेज आहे बंद ठेवायचा. या बायका म्हणतात उघड. मी कोणाचं ऐकू? तुम्हीच सांगा आता, ऑफिसच्या आहात."

"उघड," मी म्हटलं.

"साहेब विचारतील."

"माझं नाव सांग."

कुलूप निघालं. मार्था मात्र आत गेली नाही. तिने टोपलीमागची बाटली घेतली आणि झाकण उघडलं. सकाळपासून भरलेली ती बाटली तिने तोंडाला लावली आणि अर्धी संपवली. तोंड पदराला पुसलं. मग माझ्या अगदी जवळ येऊन उरलेली बाटली माझ्यासमोर धरली.

"तू प्यायलीस काय गो?"

मी सकाळपासून प्यायले नव्हते.