समोरच्या दुकानासाठी घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या बाजारात सुपरमार्केट आलं, तेव्हा देवाला गाऱ्हाणं घालायला मलाच बोलावलं. कुणाचं लग्न ठरो की नवी होडी पाण्यात जावो, नारळ आणि विडा ठेवून त्याच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान आमच्या घराकडे आहे. माझा आवाज मोठा, बाकी कर्तृत्व यथातथाच. पण वडिलांमागे तो मान माझ्याकडे आला. त्यांचं किराणा दुकानही आलं. ते सुपरमार्केटच्या बरोबर समोर.

नाही म्हणायची सोय नव्हती. गावातल्या पोरापोरींना तिथे नोकऱ्या लागल्या होत्या, त्यांत माझी मुलगी. रोज बसने गोव्याला जाणारी पोर आता चालत कामावर जाणार, म्हणून बायको खूश.

"बाबानू, आटपता घेवा. कंपनीच्या सायबांका परत जावचा आसा," उद्घाटनाच्या दिवशी मुलगी युनिफॉर्म सावरत पुटपुटली.

पण समोर माणसं, हातात माइक. मी रंगलो.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराच्या धंद्याक बरकत येवंदे! चारी वाटांचा गिऱ्हाईक हयसर येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

आणि मग, दर गाऱ्हाण्याच्या शेवटी म्हणतो तेच सवयीने म्हणून गेलो, "ह्येच्या वाटेत कोण आडवो येत आसात, तर तेका बाजूक कर म्हाराजा!"

मान वर केली. काचेच्या दारातून माझंच दुकान दिसत होतं.

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बायकोचा.

"शेटानू, बरा मागलात," शेजारचा न्हावी कानाशी म्हणाला. "आता देवान आयकल्यान नाय म्हणजे झाला."

ऐकलं. माझ्या स्वतःच्या मागण्यांकडे वर्षानुवर्षं कानाडोळा करणाऱ्या देवाने हे एवढं तातडीने मनावर घेतलं. आधी पर्यटक गेले, मग शेजारी. ते माझ्याकडे न बघता जात, तेवढी भीड त्यांनी ठेवली. शेवटी बायकोही तिथूनच साखर आणू लागली.

"पोरीक सवलत गावता, ती सोडू काय?"

घर आता पोरीच्याच पगारावर चालतं. मी तिथली साखर घातलेला चहा पितो.

परवा तिथला मॅनेजर आला. वर्ष झालंय, पुन्हा गाऱ्हाणं हवं होतं. विड्याची पानं त्यांच्याकडे मिळत नाहीत, म्हणून माझ्याकडूनच घेतली. त्या दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक.

"काका, शब्द गेल्या वर्षीचेच ठेवा. फार छान होते."

बरं म्हणालो, आणि चांगली पानं निवडून दिली. वाटेतल्याला बाजूला करायचं शेवटचं मागणं तेवढं या वेळी लागणार नाही.