चिठ्ठी हरवली नव्हती

माझ्या मुलीच्या पहिल्या गर्भारपणाची हकीकत आमच्या घरात तीन तऱ्हांनी सांगितली जाते आणि तिन्ही तऱ्हा खोट्या आहेत. माझी बायको सांगते की मुलीच्या गोळ्या विमानतळावर काढून घेतल्या. सौंसरला राहणारा माझा साळा सांगतो की ऐन वेळी गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दोन गावांमधली दगडफेकीची जत्रा, आली, आमचे पांढुर्णा बंद पडले, म्हणून औषधाचा कागद तिच्यापर्यंत वेळेवर पोचला नाही. तिसरी तऱ्हा खुद्द मुलीची. तिच्याकडे मी शेवटी येईन, कारण तिच्याशी भांडणे मला सर्वांत जड जाते.

जावई जर्मनीत नोकरीला लागले होते आणि मुलीने त्यांच्यामागून जायचे ठरले होते. तिकीट काढून झाल्यावर तिला दिवस गेल्याचे कळले. त्यानंतर दोन आठवड्यांतच ती अंथरुणाला खिळली. बोरगावची मेहुणी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "डोहाळे होय बाई, सगळ्यायलेच होते." मेहुणीचे हे म्हणणे मी तेव्हाही खोडून काढले होते आणि आजही खोडतो. चमचाभर पाणी पोटात टिकत नव्हते. कोरड्या उलट्यांनी तिच्या डोळ्यांत रक्त उतरले होते. सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सलाइन लावली आणि गोळ्या लिहून दिल्या: सकाळी एक, दुपारी एक, झोपताना दोन. त्या गोळ्यांनी ती उठून बसली, वरणाचे पाणी पिऊ लागली. "प्रवास करा, पण गोळी चुकवू नका," असे बाईंनी बजावले आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझ्याच हातात का, तर पांढुर्ण्यात माझे चाळीस वर्षे औषधांचे दुकान होते, हे त्यांना ठाऊक होते.

आता त्या चाळीस वर्षांविषयी थोडे सांगणे भाग आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे कपाशी वेचणारी, संत्र्याच्या बागेत राबणारी; वाचता येणारे थोडे. म्हणून मी गोळ्या स्ट्रिपमधून काढून कागदाच्या पुड्यांत बांधून देत असे. सकाळच्या पुडीवर सूर्य, दुपारच्या पुडीवर भाकर, रात्रीच्या पुडीवर चंद्रकोर. डॉक्टरची चिठ्ठी मी गिऱ्हाइकाला परत देत नसे. ती दुकानातल्या उभ्या तारेला टोचून ठेवीत असे, म्हणजे माणूस पुन्हा आला की शोधायला नको. माझ्या पुडीने कोणाची गोळी चुकली, असे एकही माणूस म्हणू शकणार नाही. दुकान विकले तेव्हा सगळे दिले, ती तार मात्र घरी आणली आणि लोखंडी कपाटात ठेवली.

मुलीच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी पाटावर बसलो आणि कात्री घेतली. ती भिंतीला टेकून पाहत होती.

"काहून कापून राहिले जी बाबा? स्ट्रिपा तशाच राहू द्या ना."

"हात थरथरते तुहे. फोडता येईन का तुले गोळी?"

"येते जी. अन् मले वाचताही येते. बी.एस्सी. केलं मी, तुमीच फी भरली."

"उलटी आली का बी.एस्सी. कामी नाही पडत," मी म्हणालो. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी आणखी जोमाने कापू लागलो.

संध्याकाळपर्यंत पुड्या तयार झाल्या. महिनाभराच्या, एका डब्यात, एकावर एक. रिकाम्या स्ट्रिपा आणि खोका मी चुलीत घातला. चिठ्ठी तारेला टोचली. हे सारे मी प्रेमाने केले, हे खरे. पण प्रेमाने केले हा माझा बचाव नव्हे.

विमानतळावर कोणीही काहीही काढून घेतले नाही. डबा उघडला, पाहिला, बंद केला. माझ्या बायकोला हे माहीत आहे. पुड्यांवर पहिले पंधरा दिवस नीट गेले. मग तिकडच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली आणि माझी मुलगी डबा घेऊन गेली. तिथल्या बाईंनी सूर्य पाहिला, चंद्रकोर पाहिली, पांढऱ्या गोळ्या तळहातावर घेतल्या आणि विचारले की हे काय आहे. मुलीने नाव सांगितले. त्या नावाच्या गोळ्या कमी ताकदीच्याही येतात, दुपटीच्याही येतात. ही कोणती, ते तिला सांगता येईना. बाई म्हणाल्या की काय आहे ते कळेपर्यंत या बंद ठेवा. चिठ्ठी किंवा खोक्याचा फोटो आणा, मी तेच औषध इथल्या नावाने लगेच लिहून देते. त्या बाईंचे काहीही चुकले नाही. माझ्या काउंटरवर कोणी सुट्या गोळ्या आणून टाकल्या असत्या, तर मीही हेच म्हटले असते.

मुलीचा फोन आला तो पोळ्याच्या दिवशी, दुपारी. मी नवे धोतर नेसून बाहेर निघालो होतो.

"बाबा, चिठ्ठीचा फोटो पाठवा ना. आत्ताच पाठवा जी."

मी सारे ऐकून घेतले आणि मला राग आला. तिचा नव्हे, त्या बाईंचा. "सांगजो तिले, माह्या बापानं चाळीस वर्षं औषधं देली. पुड्या पाहून समजत नसन तर माह्याशी बोल म्हणाव."

"ते सारं खरं आहे जी बाबा. पण त्यायले कागद पायजे."

"कागद पायजे म्हणे. आमची जबान काहीच नाही?"

मला तिची उलटीची उबळ ऐकू आली, मग फोन बंद झाला. मी परत फोन केला नाही. पोळ्याच्या मैदानावर गेलो, आणि तिथे दोघा जुन्या ओळखीच्यांना सांगितले की परदेशातल्या डॉक्टरला साधी गोळी ओळखता येत नाही. ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला जितकी लाज वाटते, तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

आम्ही झोपलेलो असताना तिकडे ती न्हाणीघरात पडली. सकाळी जावयांचा निरोप बायकोने वाचून दाखवला: दवाखान्यात भरती केले आहे, सलाइन सुरू आहे, बाळाची तपासणी व्हायची आहे. "अजी," ती म्हणाली, "ते चिठ्ठी कुठं हाय?"

गोटमारीचा दिवस होता. नदीपलीकडच्या सावरगावचा रस्ता अडवलेला, बाजार बंद. साळ्याची हकीकत इथे जन्मली, आणि मी ती जन्मू दिली, हा माझा दुसरा गुन्हा. चिठ्ठीला बाजार कशाला लागतो? ती माझ्या घरात होती. बैठकीपासून कपाट बारा पावलांवर आहे. मी कपाट उघडले, तारेवरून कागद ओढला, बायकोने मोबाइलवर फोटो काढला. गोळीची ताकद स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती. फोटोत माझा अंगठा आला आहे आणि चिठ्ठीच्या मधोमध तारेचे भोक दिसते. जावयांनी एकाच शब्दात उत्तर दिले: "मिळाला." ते मला अरे-तुरे बोलले असते तर बरे वाटले असते.

बाळ वाचले. नात आज चार वर्षांची आहे आणि माझ्याशी वाद घालते. पण मुलगी दवाखान्यात नऊ दिवस होती, परक्या मुलुखात, आणि त्या नऊ दिवसांत तिने मला फोन केला नाही, आईला केला.

मागच्या हिवाळ्यात ती आली, बागांतून संत्री उतरवली जात असताना. तिला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना होता, आणि हे मला ती आल्यावर, तिच्याकडे पाहून कळले. या वेळीही उलट्या होत्या. पण तिच्या बॅगेत औषधांचे खोके जसेच्या तसे होते, आतल्या छापील कागदासह, पारदर्शक पिशवीत, सर्वांत वर. आणि डॉक्टरच्या पत्राच्या दोन प्रती. तिने मला काही विचारले नाही. मी पाटावर बसलो असतो तरी कोणी कात्री दिली नसती.

त्या वेळी बोरगावची मेहुणी आलेली होती. तिने विषय काढला, "मागच्या खेपेले काय झालं होतं व?"

मुलगी माझ्यासमोर म्हणाली, "चिठ्ठी माह्याच हातून हरवली होती, मावशी. बाबानं तं सारं नीट बांधून देलं होतं."

हीच ती तिसरी तऱ्हा. मी चहा पीत राहिलो. आयुष्यभर प्रत्येकाचे बोलणे खोडत आलो, आणि जिथे खोडायला हवे होते तिथे माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पोरीने मला वाचवण्यासाठी स्वतःला हलगर्जी ठरवले, आणि मी ते घेतले.

चिठ्ठी हरवली नव्हती. ती आजही कपाटात, त्याच तारेवर आहे. हे लिहून झाले की या कागदांचे आणि त्या चिठ्ठीचे फोटो मुलीला पाठवायचे आहेत. मला मोबाइलवर फोटो काढता येत नाही. त्यासाठी बायकोला बोलवावे लागेल, आणि हे काय लिहिले आहे, असे तिने विचारले की आधी तिला वाचून दाखवावे लागेल.