खोडलेल्या चुका

आमच्या संस्थेत इलेक्ट्रिशियनच्या वर्गातल्या मुलांसाठी संगणकावरचं पुस्तक करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे आलेलं काम यादीत जातं आणि यादीत गेलेलं काम होतं. पुस्तक बनवायच्या सॉफ्टवेअरवर आठवड्याभरात हात बसला. मजकूर टाकायचा, आकृती काढायची, आकृतीतल्या बटणात जीव घालायचा. मुलाने पडद्यावर वायरी जोडून बटण दाबलं आणि दिवा लागला, की हिरवी खूण.

यादीतल्या सगळ्या ओळींपुढे टिक झाली. एक राहिली: सरांच्या चुका.

सर म्हणजे याच वर्गात मला शिकवणारे. लांज्याहून एसटीने येत. फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढत, तिच्यात मुद्दाम एक चूक ठेवत आणि टेबलाच्या कडेवर बसून वाट बघत. शोधणाऱ्याला खिशातल्या पुडीतले भाजलेले काजू.

"काय गो बाय, मिळाली काय?"

"सर, सगळं बरोबर आहे. दिवा लागतोय की."

"दिवा तर लागणारच. पुढे बघ."

मागच्या बाकावरून एकजण हमखास ओरडे, "तिला टरफलं द्या, सर!"

सरांना जाऊन दोन वर्षं झाली. पुस्तकात त्यांच्या चुका घालायच्या म्हणून मी माझी तेव्हाची वही काढली. खाकी कव्हर, अनुक्रमणिका, पट्टीने मारलेल्या रेषा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. एकही चूक नव्हती.

मग आठवलं. चूक सापडली, की मी ती वहीत लगेच खोडून दुरुस्त करायचे. चुकीचं काही वहीत राहू द्यायचं नाही, हा माझा नियम. सर एकदा पानं उलटत म्हणाले होते, "फार स्वच्छ ठेवतेस गो." मी ते कौतुक समजले होते.

वही खिडकीशी तिरकी धरून एकेक पान पुन्हा पाहिलं. एका पानावर खोडलेल्या पेन्सिलीचा दाब उरला होता. बटण वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या, न्यूट्रलच्या वायरवर. दिवा नीट लागतो, नीट विझतो. पण विझल्यावरही होल्डरमध्ये वीज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याचा हात तिथेच जातो. तेवढी एकच मिळाली.

ती आकृती मी सॉफ्टवेअरमध्ये काढली. दिवा लागला. हिरवी खूण आली. मला हसू आलं, आणि हे दाखवायला बाजूला कोणी नव्हतं.

त्या पानावरची खूण मी बंद केली. उत्तर सुचवणारी चौकटही काढून टाकली.

काल ते पान वर्गात उघडलं. "मॅडम, झालं! लागला दिवा," एक मुलगी म्हणाली. मी टेबलाच्या कडेवर बसले. "दिवा तर लागणारच," म्हटलं, पण ते सरांसारखं आलं नाही. तास संपेपर्यंत कोणाला चूक सापडली नाही. पर्समधली काजूची पुडी तशीच घरी आली.

टरफलं द्या म्हणणाऱ्याची वही फार गबाळी असायची. त्याने काहीच खोडलेलं नसणार. तो मुंबईला कुठेतरी असतो म्हणे. त्याचा नंबर मिळवायचा, हे यादीत सगळ्यात वर लिहिलं आहे.