सरांचं गाय-वासराचं नाणं

एकाच दुकानात, एकाच स्टुलावर बावीस वर्षं बसलं की गोष्टी आपोआप जमतात. गिऱ्हाईक चांदी घेऊन जातं आणि गोष्ट काउंटरवर ठेवून जातं. माझ्याकडे आता इतक्या झाल्या आहेत की घरी भाजी निवडताना एखादी आठवते आणि मी एकटीच हसते. सून विचारते, "क्या हुआ मम्मी?" तिला मराठीत सांगितलं तर अर्धं कळतं, हिंदीत सांगितलं तर मजा निघून जाते. म्हणून म्हटलं, इथेच सांगावं.

दुकान मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सराफ्यातलं, लहानसं, फक्त चांदीचं. मालक काकाजी. तराजू त्यांच्याकडे, काउंटर माझ्याकडे.

*

दिवाळीच्या आधी नागपूरच्या व्यापाऱ्याकडून वीस ग्रॅमची नाणी यायची. जाड कार्डात सीलबंद, आणि दरवर्षी चित्र नवं. कधी मोर, कधी कमळ, कधी हत्ती. भाव मात्र चांदीच्या वजनापेक्षा बराच वर. एकदा पॅकिंग फोडलं की तो वरचा भाव गेला, उरली फक्त चांदी.

काकाजींना हा वरचा भाव कधी पटलाच नाही. नाणी विकायला त्यांनीच आणायची आणि गिऱ्हाइकाला नको घेऊ म्हणायचं, असा आमचा धंदा!

एका धनतेरसला तहसीलमधले एक बाबू बायकोला घेऊन आले. बाईंना मोराचं नाणं आवडलं. काकाजींनी सरळ सांगून टाकलं, "चांदी वीसच ग्राम आहे, भाऊ. मोराचे पैसे ज्यादा लागून राह्यले. आन् मोर काही नाचत नाही."

दोघं उठून गेले. अर्ध्या तासाने परत आले. बाबू जरा खजील होऊन म्हणाले, "काकाजी, समोरच्या दुकानात तं तेच नाणं याहून महाग आहे."

काकाजी तराजू पुसत म्हणाले, "तिकडचा नाचत असंन."

*

ही नाणी नेमाने घेणारं आमचं एकच गिऱ्हाईक होतं. गणिताचे निवृत्त सर. दरवर्षी एक, सीलबंदच. घरी नेऊन ते अल्बमच्या खान्यात ठेवायचे. जुनं एखादं राहिलं असेल तर दुप्पट भाव देऊनही घ्यायचे. काकाजी त्यांना म्हणायचे, "सर, तुमी गणित शिकवलं कसं हो पोराईले?" सर नुसते हसायचे.

त्या अल्बममध्ये एक खाना मात्र रिकामा होता. गाय-वासराच्या नाण्याचा. त्या वर्षी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, नागपूरला दवाखान्यात होत्या. सर परत आले तोवर दिवाळी उलटून गेली होती. आमच्याकडे बाराच नाणी आली होती, बाराही गेली. नागपूरच्या व्यापाऱ्याने तो साचाच पुढे बंद केला.

सर माझ्यासमोर येऊन बसले. "शोभाबाई, कोणाकोणाले विकले, आठवते का?"

मला बरेच चेहरे आठवत होते. मी एकेक सांगत गेले, सर वहीत लिहीत गेले. काकाजी म्हणाले, "लागले सर ढोरं शोधाले." आणि खरंच, त्यानंतर कितीतरी वर्षं सर ती बारा गाय-वासरं जिल्हाभर शोधत फिरले.

*

पहिला पत्ता गावातलाच निघाला. शाळेजवळच्या एका कुटुंबाकडे. सर मोठ्या आशेने गेले. बाईंनी देव्हाऱ्यातून नाणं काढून हातात ठेवलं. दह्यादुधाने आणि हळदीकुंकवाने गाय पार पिवळी झाली होती, वासरू तर दिसतच नव्हतं.

सरांनी विचारलं की पॅकिंग काहून फोडलं. बाई गोंधळल्या. "मंग पंचामृत काय प्लास्टिकवर टाकू, सर?"

सरांनी वहीतलं पहिलं नाव खोडलं. चहा पिऊन ते परत आले.

*

दुसरं नाणं परसवाड्याला होतं. तिथल्या शेतकऱ्याने सरांना प्रेमाने बसवलं आणि सांगितलं की नाणं आहे, अगदी सुरक्षित आहे, कोणी हात लावू शकत नाही. सरांचा चेहरा उजळला. मग कळलं की ते नव्या घराच्या पायात आहे. भूमिपूजनाला चांदी टाकायची म्हणून टाकलं.

सरांनी तरी विचारलंच की सीलबंद टाकलं की फोडून. शेतकरी म्हणाला, सीलबंद. ब्राह्मणाला घाई होती.

झालं. आता सरांचा पाय निघेना. कोणता कोपरा, किती खोल, वर पाणी तर मुरत नाही ना, सगळं विचारून झालं. ईशान्येच्या कोपऱ्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले.

पुढच्या बाजाराला तो शेतकरी आमच्या दुकानी आला आणि काकाजींना बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचे सर घर पाहाले आलते, का पाडाले?"

*

लांजीला तर मी स्वतः सोबत गेले होते, माझं माहेर तिकडचं म्हणून. त्या घरच्या सासूबाईंनी आम्हाला ओळखलं. नाण्याचं विचारल्यावर त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. सून आली, लाजत उभी राहिली. आम्हाला वाटलं आता डबा आणेल.

सासूबाईंनी तिच्या पायाकडे बोट दाखवलं. नाणं आटवून जोडवी केली होती.

"हे पाहा, सर. डाव्या पायात गाय, उजव्या पायात वासरू."

परतीच्या बसमध्ये सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "जोडवे मात्र चांगले केले होते."

*

एकदा काकू एकट्याच दुकानी आल्या. साधं, पाच ग्रॅमचं, खुलं नाणं हवं होतं. काकाजींना आश्चर्य वाटलं, घरी एवढी नाणी असताना! काकू म्हणाल्या, "घरी अकरा लक्ष्म्या आहेत, काकाजी. साऱ्या प्लास्टिकात. हातात घ्याले एक नाही."

आम्ही हसलो, त्याही हसल्या. मी नाणं पुडीत बांधत होते तेव्हा त्या हळूच माझ्याशी बोलल्या. त्या वर्षी धनतेरसला त्यांनीच सरांना दवाखान्यातून बालाघाटला पाठवायला पाहिलं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न, नाणं घेऊन या, मी काही कुठे जात नाही, असं म्हणाल्या होत्या.

"पण हे खुर्चीवरून उठलेच नाही," काकू म्हणाल्या. "आता गावोगाव फिरते. मी म्हणते, एका खान्यानं काय होते? तं हे म्हणते, ते वर्ष आपल्या घरी आलंच नाही."

मी पुडीला दोनदा दोरा गुंडाळला.

*

मागच्या वर्षी चांदी अशी चढली की ज्याच्या त्याच्या पेटीतून काहीतरी बाहेर येऊ लागलं. लोक मोबाइलवर भाव पाहतच दुकानात शिरायचे. त्या गर्दीत, दिवाळीच्या आठ दिवस आधी, खैरलांजीकडच्या अनुसयाबाई आल्या. रुमालाची गाठ सोडली आणि काउंटरवर कार्ड ठेवलं. गाय-वासरू. सीलबंद. प्लास्टिक जरा पिवळं पडलेलं, बस.

मी काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी फोन उचलला. दहा मिनिटांत सर स्कूटरवर हजर. शर्टाची बटणं खालीवर लागली होती.

सरांनी दुप्पट भाव सांगितला. अनुसयाबाईंनी कार्डावर हात ठेवला. सरांनी तिप्पट सांगितला. काकाजी म्हणजे वजनापलीकडे भाव न मानणारा माणूस, पण त्यांनाही राहवलं नाही. "देऊन टाका, बाई. असं गिऱ्हाईक पुन्हा भेटत नसते."

अनुसयाबाईंनी कार्ड आपल्याकडे ओढून घेतलं. "मले विकाचं नाही. प्लास्टिक पिवळं पडून राह्यलं, आत चांदी तं खराब होत नाही ना, एवढंच विचाराले आलती मी. आमच्या घरधन्यानं आणलं होतं. तेच म्हणत, हे फोडू नको. आता ते नाहीत, तं मी कशी फोडू?"

काकाजींनी सांगितलं की चांदीला काही होत नाही. बाईंचं काम झालं. सर खाली बसले. पुढे भाव वाढवला नाही.

मग मीच बोलले. मालकासमोर, गिऱ्हाइकासमोर असं आपण होऊन बोलायची माझी सवय नाही. पण दवाखाना, ती खुर्ची, तो रिकामा खाना, काकूंनी सांगितलेलं सगळं मी अनुसयाबाईंना सांगितलं. सर जमिनीकडे पाहत होते.

बाईंनी रुमालाची गाठ मारली, पुन्हा सोडली. कार्ड सरांच्या हातात दिलं. "घेऊन जा. तुमच्या घरी पूजा होऊ द्या. दिवाळी झाली का आणून द्या."

काकाजी घाईने म्हणाले, "अहो बाई, काही लिहून तं घ्या."

"काहून?" अनुसयाबाई म्हणाल्या. "गुरुजी आहेत ना?"

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सर बसने खैरलांजीला जाऊन आले. काकूंनी चकलीचा डबा सोबत दिला होता. येताना डबा रिकामा आला नाही, नव्या धानाचे पोहे भरून आला. ते सरळ दुकानीच उतरले. हातात अल्बम होता, बाईंना दाखवायला नेलेला. काकाजींनी उघडून पाहिला.

"सर, खाना तं पुन्हा खालीच."

सरांनी अल्बम आपल्याकडे घेतला. आम्ही वजन लिहून देतो त्या चिठ्ठ्यांचं पॅड त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. लिहायचं मलाच सांगितलं, चिठ्ठीवर अक्षर नेहमी माझंच असतं. मी पेन उघडला आणि काय लिहू ते विचारलं.

सर म्हणाले, "लिहा, शोभाबाई. 'मुक्काम खैरलांजी, अनुसयाबाईंकडे. खुशाल आहे.'"

मी लिहिलं. त्यांनी चिठ्ठी घडी न करता त्या खान्यात सरकवली आणि अल्बम मिटला.